हौशी संशोधक आणि जुने खून

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ साली, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात, पाच बायकांचे खून झाले. ते एकाच्याच हातचे, असे बहुतेक मानतात. खुनी काही सापडला नाही. एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राखाली ‘जॅक द रिपर’ अशी सही होती, तेच नाव त्याला चिकटले. पुढे पोलिसांनी हात टेकले आणि हौशी मंडळी मागावर निघाली.

यात इतिहास तो कसला, असे तुम्ही म्हणाल. पाहा. मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने १८९४ मध्ये एक टिपण लिहिले. हे गृहस्थ खात्यात आले १८८९ साली, म्हणजे सारे उरकल्यावर! त्या टिपणाची एक प्रत १९५९ मध्ये उजेडात आली. तीत ड्रुइट नावाचा संशयित होता: डॉक्टर, वय सुमारे ४१. कित्येकांना वाटले, सापडला खुनी. पण नोंदी काढून पाहिल्या, तर ड्रुइट ३१ वर्षांचा, पेशाने वकील आणि शाळामास्तर! १८८८ च्या डिसेंबरातच त्याचे प्रेत थेम्स नदीत सापडलेले. आता तो खुलासा कोठून देणार? दाखले लिहिणाऱ्या गुरुजींना नोंदीची किंमत मी काय सांगावी!

मला मात्र खुन्याच्या नावापेक्षा त्या बायकांचा शोध मोलाचा वाटतो. मेरी ॲन निकोल्स ही लोहारकाम करणाऱ्याची लेक, पाच मुलांची आई. रात्रीच्या बिछान्याचे चार पेन्स जवळ नव्हते, म्हणून ती रस्त्यावर आली. हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापलेले आहे.