कपिलधारची वाट आणि सणाचे गोड

दिवाळी सरत आली की आमच्या बीडकडे फराळाचे डबे तळाला लागतात आणि कपिलधारच्या वाटा माणसांनी भरू लागतात. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात, 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या पायी येतात.

अशाच एका यात्रेत माझे वडील माझ्याबरोबर होते. ते निवृत्त शिक्षक आणि मधुमेही. उपवास म्हणून सकाळी त्यांनी काही खाल्ले नाही; इन्सुलिनची सुई मात्र नेमाने घेतली. डोंगरात त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. एका रेवडीवाल्याने पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळून त्यांना पाजली. पाव तासात माणूस ताळ्यावर आला. ज्या साखरेला आम्ही घरात वैरीण ठरवले होते, तिनेच त्या दिवशी त्यांना वाचवले! तेव्हापासून या रोगाचा इतिहास मी जरा लक्ष देऊन वाचू लागलो.

हा रोग आजकालचा नव्हे. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. पथ्याला तेथे जवाचे अन्न सांगितले आहे. सुश्रुताने या रोगाचे दोन प्रकार मानले: एक जन्मतः येणारा, दुसरा कुपथ्याने जडणारा. त्याचा एक उपाय तर मोठा नवलाचा आहे. रोगी गरीब असेल तर त्याने जोडा-छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी! म्हणजे अंग हलवल्याने हा रोग आटोक्यात राहतो, हे त्या काळी लोक जाणून होते.

तिकडे युरोपात 1776 साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने लघवीतील गोडी ही साखरच आहे, हे दाखवून दिले. 1889 साली जर्मनीत मिंकोव्हस्की आणि मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. दोष कोठे आहे ते कळले, पण औषध सापडेना. मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे, एवढाच उपाय उरे. त्याने मुले थोडे दिवस अधिक जगत, एवढेच. अशा मुलाच्या घरी सण कसा होत असेल, याची कल्पना करून पाहा.

पुढे 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. अर्क अधिक शुद्ध करून पुन्हा दिला आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. बँटिंग यांचा जन्मदिवस, 14 नोव्हेंबर, हा आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. तो बहुधा आपल्या दिवाळीच्या आणि कार्तिकीच्या आसपासच येतो.

'हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा रोग, आपल्याला काय त्याचे?' असे कोणी म्हणेल. तसे समजू नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेला. त्यांत खेड्यांतले लोकही आहेत. पुण्याचे डॉ. याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तेथील बाळे वजनाला इंग्लंडमधील बाळांहून पुष्कळ हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असे त्यांना आढळले. अंगाने किरकोळ म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

मग सणाला करायचे काय? 'साखर नको, गूळ चालतो' ही समजूत आधी सोडा. गुळातही मुख्यतः साखरच असते. करंजी खायची तर एकच, जेवणाबरोबर, आणि त्या वेळी भात-भाकरी कमी. जेवणानंतर थोडे चालावे. प्रसाद चिमूटभर घेतला तरी तो प्रसादच. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये, औषधही मनाने बंद करू नये. वाटेत खिशात थोडी साखर असू द्यावी. सुश्रुताचे चालणे अवश्य घ्यावे, पण त्याचे अनवाणी चालणे घेऊ नये. मधुमेह्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि कधी पाय गमवावा लागतो.

आणखी एक. आमच्या घरी वडिलांपासून डबे लपवून ठेवत, आणि ते रात्री उठून चोरून लाडू खात. किती खाल्ले, याचा मग हिशेबच राहत नसे. यात्रेतल्या त्या प्रसंगानंतर आईने लपवणे सोडले. सर्वांच्या पंगतीत त्यांच्या ताटात एक करंजी वाढू लागली. ते ती सावकाश खात, आणि मग आम्ही दोघे वेशीपर्यंत चालून येत असू.