ठरलेली वेळ : लैंगिक श्रमाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

लैंगिक श्रमाच्या अभ्यासाकडे वळणारा विद्यार्थी बहुतेकदा मोठ्या वादातून आत येतो: हे शोषण आहे की काम, बंदी हवी की मान्यता. तो वाद टाळून इथे फार काळ राहता येत नाही. तरी आत येण्याची वाट म्हणून मी वरकरणी अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट सुचवते: ठरलेली आणि मोडलेली वेळ.

फोनवर बोलणं होतं, रक्कम ठरते, लॉज ठरतो. बाई मूल शेजारणीकडे सोपवते, रिक्षाचं भाडं भरते, वाट पाहत बसते. गिऱ्हाईक येत नाही. कधी ते ऐन वेळी घाबरलेलं असतं, कधी फोन म्हणजे नुसती टवाळी असते. तिची दिवसाची कमाई बुडते. ही झाली मजुरीची बाजू, आणि हातावर पोट असलेल्या कुणालाही ती समजेल. फरक पुढे सुरू होतो. न आलेला माणूस कोण होता, हा प्रश्न तिला मनातून काढता येत नाही. त्याला फक्त पत्ता हवा होता का? आणि जो वेळेवर आला, ज्याने पैसे मोजून हातात ठेवले, तो तरी खरं गिऱ्हाईक आहे का? ‘बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना तोंडपाठ आहे. त्या वाक्याकडे दाराच्या आतून पाहणं, इथून आपला अभ्यास सुरू होतो.

त्यासाठी आधी कायदा वाचायला हवा, आणि तो मुळातूनच. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ‘पिटा’ म्हणून ओळखला जातो. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. पण त्याच्या भोवतालचं जवळजवळ सगळंच गुन्हा आहे. कलम 2 मधली कुंटणखान्याची व्याख्या पाहा: दोन किंवा अधिक बायका परस्परांच्या फायद्यासाठी जागा वापरत असतील, तर तीही त्या व्याख्येत बसते. म्हणजे सोबतीसाठी मैत्रिणीबरोबर खोली घेतली की दोघींची खोली कुंटणखाना ठरू शकते. कलम 4 तिच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसाला गुन्हेगार ठरवतं. त्यात म्हातारी आई आणि कॉलेजात शिकणारा मुलगाही सापडू शकतात. कलम 8 गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल शिक्षा सांगतं. आणि कलम 17 खाली, सोडवून आणलेल्या बाईला दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. तिच्यावर आरोप नसतो, शिक्षा झालेली नसते, तरी ती कुलपाआड असते.

मालाडच्या एका गेस्ट हाऊसमध्ये 2019 साली असंच झालं. बनावट ग्राहक पाठवला गेला, तीन सज्ञान तरुणींना ताब्यात घेतलं गेलं आणि त्यांना वर्षभर गृहात ठेवण्याचा आदेश निघाला. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, तिला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, हे स्पष्ट केलं. पुढे 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले: पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावं, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये, संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याची प्रक्रिया करावी, माध्यमांनी ओळख उघड करू नये. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. तो पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत किती पोहोचला, हे शोधणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

परदेशातही भीतीची घडण अशीच दिसते. इंग्लंडचा संबंधित कायदाही 1956 चाच. तिथे फ्लॅटमध्ये एकटीने काम करणं गुन्हा नाही. दोघी एकत्र आल्या की तो कुंटणखाना. याउलट न्यूझीलंडने 2003 मध्ये गुन्हेगारीची तरतूद काढून चौघींपर्यंत एकत्र काम करण्याची मुभा दिली. अमेरिकेत एप्रिल 2018 मध्ये बॅकपेज हे जाहिरातींचं संकेतस्थळ बंद पाडण्यात आलं आणि त्याच महिन्यात अशा मजकुरासाठी संकेतस्थळांना जबाबदार धरणारा फोस्टा-सेस्टा कायदा आला. अनोळखी गिऱ्हाइकाची आधी चौकशी करण्याची, धोकादायक माणसाबद्दल एकमेकींना सावध करण्याची सोय त्यामुळे अनेकींच्या हातून गेली. वेळ देण्याआधी समोरच्याला पारखणं हे या कामातलं मोठं कौशल्य आहे. ते श्रम आहेत आणि त्यांची मोजदाद कुठेच होत नाही.

जबरदस्तीने आणलेल्या बायका आणि अल्पवयीन मुली आहेत, त्यांची सुटका झालीच पाहिजे; याबद्दल या क्षेत्रातल्या कुणाचंही दुमत नाही. प्रश्न आहे तो त्यांच्याबरोबर स्वेच्छेने काम करणाऱ्या सज्ञान बायकांनाही एकाच जाळ्यात ओढण्याचा. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून 1996 साली उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ हेच सांगत आली आहे. धाडीत सापडलेल्या बायकांशी बोलून ‘संग्राम’ने 2018 मध्ये काढलेला अहवाल आवर्जून वाचावा. इतिहासासाठी अश्विनी तांबे यांचं वसाहतकालीन मुंबईवरचं पुस्तक, कायदा आणि श्रम यांच्या नात्यासाठी प्रभा कोटिस्वरन, नाक्यावरच्या मजूर बायकांसाठी स्वाती शाह: या तिघींनी माझी तरी पुष्कळ गृहीतकं मोडली.

अभ्यासाची खरी अडचण पुराव्याची आहे. पोलिसांच्या दप्तरात पडलेल्या धाडी असतात. धाड पडेल म्हणून टाळलेल्या भेटी नसतात. संशय आला म्हणून बाईने स्वतःच नाकारलेलं काम, बदललेला नंबर, सोडलेला लॉज, मार खाऊनही न नोंदवलेली तक्रार, यांची नोंद कुठेही होत नाही. कायदा रोज काम करतो तो मुख्यतः इथे, खटल्यांत कमी. कामाठीपुरा आणि बुधवार पेठेपलीकडे, फोनवरून चालणारा धंदा जसा वाढतो आहे, तशी ही नोंद नसलेली बाजूही वाढते आहे. म्हणून आकडेवारीवर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाने इथे सावध राहावं आणि संघटनांमधल्या बायका जे सांगतात त्याला ‘किस्से’ म्हणून बाजूला सारू नये.

आणखी एक. संशोधकही फोन करतो, वेळ मागतो, ठिकाण विचारतो. तिच्या बाजूने पाहिलं तर तोही एक अनोळखी आवाजच. म्हणून संघटनेमार्फत जा, आपण कोण हे पहिल्याच वाक्यात सांगा, पत्ता, चेहरा, खरं नाव मागू नका, ती नको म्हणाली तर कारण विचारू नका. तिच्या वेळेचे पैसे संशोधनाच्या अंदाजपत्रकात आधीच धरा. आणि भेट ठरली असेल तर वेळेवर पोहोचा. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे तिला ती वेळ दुसऱ्या कामाला देता येईल.