उस्तऱ्याचा पत्थर

माझे नाना हजाम होते. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. बीएडच्या वर्गात कुणी घरादाराची चौकशी केली की मी अब्बांच्या किराणा दुकानाचं सांगायचो आणि अम्मीच्या माहेराचा विषय टाळायचो. मराठीत 'हजामत करणे' या शब्दांना जो दुसरा अर्थ आहे, तो शाळेत माझ्या वाट्याला पुरेसा आला होता.

नानांच्या इंतकालानंतर त्यांची किसबत माझ्याकडे आली. किसबत म्हणजे न्हाव्याची धोकटी. तिच्यात दोन उस्तरे, एक कातर, चामड्याचा पट्टा आणि वितीहून लहान, उडदाच्या रंगाचा एक पत्थर. उस्तऱ्यापेक्षा नानांचा जीव या पत्थरात होता. 'उस्तरा' आणि मराठीतला 'वस्तरा' हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार, आणि 'हजाम' हा अरबी हज्जाम. म्हणजे मुळात तुंबडी लावून रक्त काढणारा. दुकानाच्या पाटीवर आता यातला एकही शब्द दिसत नाही, पण ते असू द्या.

हा पत्थर नानांनी उरुसातल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतला, तेव्हा मी सोबत होतो. सात-आठ वर्षांचा असेन. चार-पाच पत्थर त्यांनी उचलून पाहिले. प्रत्येकावर नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. मग बोट ओलं करून एकेक थेंब ठेवला आणि नुसते बसून राहिले. विक्रेता वैतागला. ज्या पत्थरावरचा थेंब सर्वांत उशिरा जिरला, तो नानांनी घेतला. मला म्हणाले, "पानी पीने वाला पत्थर अपने काम का नईं."

यातलं शास्त्र मला फार उशिरा कळलं. दाढी करताना उस्तऱ्याची धार एकदम झिजत नाही, आधी ती सूक्ष्मपणे वाकते. पट्ट्यावर फिरवली की सरळ होते. काही आठवड्यांनी पट्टाही पुरत नाही, तेव्हा पत्थर लागतो. तोही नवी धार काढायला नव्हे, आहे ती जागवायला. उस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पत्थरावर टेकवायची, धार पुढे ठेवून पाच-दहा हलके हात मारायचे. पट्ट्यावर नेमकं उलट, पाठ पुढे. कोन पाठच ठरवते, त्यामुळे माणसाने निवडायचं उरतं ते पत्थर. खरखरीत असेल तर धारेला दाते पडतात आणि गाल जळतो. मऊ असेल तर मधे खोलगट होतो आणि धार पाठीसकट बिघडवतो. आपल्या दख्खनचा काळा दगड पाटा-वरवंट्याला उत्तम, पण या कामाला त्याचा कण जाड पडतो.

हे सगळं जुनं ज्ञान आहे, किती जुनं ते मला सुश्रुतसंहितेत सापडलं. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांची चर्चा आहे. शस्त्र परजायला गुळगुळीत, उडदाच्या रंगाची शिळा घ्यावी आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे पत्थर आणि पट्टा ही जोडी तेव्हाही होतीच. धार लागल्याची खूण? अंगावरचा केस कापला गेला पाहिजे. नाना मनगटावरच्या केसांवर हेच करायचे. त्यांना संस्कृतचा गंध नव्हता, आणि त्या ग्रंथातला उडदाचा रंग वाचून मी उठून किसबत उघडली, हे कबूल करतो.

हाच ग्रंथ अब्बासी काळात बगदादला पोचला. यह्या बिन खालिद बरमकी या वजिरासाठी मनका नावाच्या हिंदी वैद्याने त्याचा अनुवाद केला आणि अरबीत तो 'सुस्रुद' नावाने ओळखला गेला. राझीने आपल्या लेखनात त्याचे दाखले दिले. संस्कृत आणि अरबी यांचं नातं सांगायला आपण नेहमी शून्याचं उदाहरण देतो. ज्या ग्रंथात धारेच्या शिळेची निवड आहे, तोही त्याच रस्त्याने गेला.

रोमन लेखक प्लिनी इ.स. 79 मध्ये वारला. त्याच्या 'निसर्गेतिहासा'च्या छत्तिसाव्या खंडात धारेच्या पत्थरांची वर्गवारी आहे, आणि ती आधी द्रवावरून केलेली आहे. क्रीट बेटाचे पत्थर तेलावर चालणारे, नॅक्सोसचे पाण्यावर. काही दोन्हींवर. आणि एक चौथा प्रकार न्हाव्यांच्या दुकानातला, जो माणसाच्या थुंकीवर चालतो. त्यासाठी स्पेनचा पत्थर नावाजलेला. वाचून किळस वाटली, पण पत्थर कुठला यापेक्षा तो काय मागतो, हे आधी विचारण्याची पद्धत मला पटली.

पुढे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अवजार-ग्रंथांत 'टर्की स्टोन'ची तारीफ येते. आशिया मायनरच्या आतल्या भागातून तो उस्मानी बंदर स्मिर्नाला, म्हणजे आजच्या इझमीरला, विकायला यायचा आणि तिथून युरोपात जायचा. तो तेलावरचा. कारागीर त्याच्यावर खूश, पण उस्तऱ्यासाठी नाव होतं ते पिवळ्या पत्थराचं. बेल्जियमच्या आर्देन डोंगरात व्हिएल्साल्मच्या आसपास निळसर पाटीच्या दगडात त्याच्या पातळ शिरा असतात, म्हणून त्याखाली पाटीचा दगड चिकटवून विकत. त्याला कोटिक्यूल म्हणतात. त्याच्यात गार्नेटचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. पत्थर घासून दुधासारखा राप काढला की तो भराभर कापतो, नुसत्या पाण्यावर ठेवला की फक्त झिलई देतो. एकाच पत्थरात दोन पत्थर. अमेरिकेतल्या आर्कन्सामधल्या धारेच्या दगडाला तर नोव्हॅक्युलाइट म्हणतात. लॅटिनमध्ये नोव्हाक्युला म्हणजे वस्तराच.

आणि आपल्याकडे? बाराव्या शतकात सीरियात शैझरीने मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक पुस्तिका लिहिली. हम्मामातल्या न्हाव्याचा हात हलका असावा, उस्तरा धारदार असावा, आणि कामाच्या दिवशी त्याने कांदा-लसूण खाऊ नये, असं त्यात आहे. बोथट उस्तरा ही बाजारातल्या अधिकाऱ्याने बघायची गोष्ट होती. अकीक्याच्या बाळाचं डोकं, हाजींचं मुंडण, मुलांची खतना हे सारं या हातावर सोडून मग त्याच हाताला कमी लेखायची रीत आमच्याही मोहल्ल्यात आहे. समतेवरची तकरीर ऐकून आलेले लोक नानांना 'अबे खलिफा' म्हणून हाक मारत. खलिफा हा शब्द आदराचा, 'अबे' त्यांचा स्वतःचा.

एड्सची भीती पसरली तशी गिऱ्हाइकं नवं ब्लेड मागू लागली, आणि ते बरोबरच होतं. नानांनी अर्धं ब्लेड अडकवायचा उस्तरा घेतला. पत्थर फडक्यात गुंडाळला गेला. पुढे माझ्याकडे आल्यावर तो कोरडा पडू नये म्हणून मी दरवर्षी त्याला खोबरेल लावत राहिलो.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना तो दाखवला. त्यांचं सलून आहे. शाळेच्या फॉर्मवर त्यांनी व्यवसाय 'बिझनेस' असा लिहिला होता. त्यांनी पत्थर उजेडात धरला, अंगठा ओला करून फिरवला, मग वास घेतला.

"सर, हा पाण्याचा आहे. तेल कुणी लावलं?"

मी सांगितलं.

"बंद झालाय. साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा आठ दिवस, पाणी बदलत राहा. मग आणा माझ्याकडे, सपाट करून देतो."