सनद हरवली की हक्क गेला?

१८५२ साली कंपनी सरकारने अकरावा कायदा केला आणि दख्खन, खानदेश, दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना इनाम कमिशनने एकच प्रश्न विचारला, "सनद दाखवा." कागद वाळवीने खाल्ला? तुमचं तुम्ही बघा! हक्क सिद्ध करायची जबाबदारी इनामदाराची.

मंडळी, दीडशे वर्षांनी हाच प्रश्न कॉम्प्युटर विचारायला लागला.

आधी प्रत्येक प्रोग्रामची सेटिंग्ज वेगवेगळ्या आयएनआय फायलींत असायची. साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडा आणि दुरुस्त करा. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि सगळा कारभार रजिस्ट्री नावाच्या एकाच दप्तरात गेला. फायली दोनच, सिस्टीम.डॅट आणि युझर.डॅट. नोटपॅडमध्ये वाचता न येणाऱ्या. मग अनेक कंपन्यांनी लायसन्सची नोंदही तिथेच ठेवायला सुरुवात केली. २००१ मध्ये एक्सपी आलं. त्यात ३० दिवसांत ॲक्टिव्हेशन सक्तीचं झालं.

आता हे दप्तर धरणगाव, एरंडोल, अमळनेरच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात ठेवा. २००० च्या दशकातलं लोडशेडिंग आठवा. ऐन लग्नसराई, पत्रिका छापायच्यात, यूपीएसची बॅटरी दमलेली. रजिस्ट्री लिहिली जात असतानाच लाईट गेली तर फाईल अर्धवट राहणार. मशीन सुरूच होत नाही!

यावर एक प्रसिद्ध उपाय होता : रिकव्हरी कन्सोलमधून विंडोजच्या 'रिपेअर' फोल्डरमधली रजिस्ट्री परत आणायची. मशीन सुरू व्हायचं, पण ती प्रत बहुतेक वेळा विंडोज टाकलं त्या दिवसाची. त्यानंतर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची नोंद तिच्यात कुठून असणार? प्रोग्राम म्हणणार, "लायसन्स सापडलं नाही." म्हणून ती पायरी अर्धीच. पुढे सिस्टीम रिस्टोअरच्या साठ्यातली ताजी प्रत आणायची. तीही नसेल तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकून फोनवरून ॲक्टिव्हेट करायचं. आणि या सगळ्याच्या आधी बिघडलेल्या फायलींची कॉपी बाजूला ठेवायची.

गंमत बघा. एक्सपीच्या ज्या चोरीच्या कॉप्या २००१ पासून फिरत होत्या, त्यांत कंपन्यांसाठीची फुटलेली की वापरलेली असायची. त्या आवृत्तीला ॲक्टिव्हेशनच लागत नव्हतं. म्हणजे पैसे मोजणारा पुरावा शोधत बसला आणि फुकट्याचं काम चालू! पुढे मायक्रोसॉफ्टने त्या की अडवल्या, पण तोवर "ओरिजिनल घेऊन काय मिळालं?" हा प्रश्न बऱ्याच दुकानांत विचारून झाला होता.

इनामांचं पुढे काय झालं? १८६३ च्या कायद्यांनी वेगळी वाट काढली. पुरावे उकरत बसण्यापेक्षा ठरावीक सारा भरा आणि हक्क कायम करून घ्या. सनदेच्या छाननीपेक्षा व्यवहार पुढे नेणं सरकारलाही परवडलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे उमगायला २०१५ उजाडलं. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स कंपनीच्या सर्व्हरवर, मशीनच्या ओळखीला जोडून ठेवलं जातं. रजिस्ट्री गेली तरी विंडोजचा हक्क राहतो. पण दप्तर आता त्यांच्याकडे, आणि बाकीच्या सॉफ्टवेअरचं काय ते ज्याचं त्याने ठरवलेलं. शिवाय विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून रजिस्ट्रीची रेगबॅकमधली आपोआप होणारी प्रतही बंद झाली.

असो. बिल, की आणि रजिस्ट्रीची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर टाका. बिलाची प्रिंटही काढून ठेवा, फक्त वाळवीपासून लांब :)