घेणारी ख्रिस्तमंडळी देणारी कशी होते



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार आठवतांना एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो. मिशन-रविवारीं देवळांत थाळी फिरूं लागली, कीं “आम्हीच गरीब, आम्ही दुसऱ्यास काय देणार?” असे उद्गार कानीं पडतात. वसमतच्या शेतमजुराच्या मुखीं ते खोटे नव्हेत. तथापि ख्रिस्तसभेचा इतिहास ह्या प्रश्नास काय उत्तर देतो, तें पाहणें आज उचित होईल.

इ. स. ५५ च्या सुमारास यरुशलेम येथील मंडळी हलाखींत होती. तिच्यासाठीं प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या प्राप्तीप्रमाणें कांहीं बाजूस काढून ठेवावें, असें संत पौलानें करिंथकरांस लिहिलें. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दरिद्री होत्या. तरी ह्या सत्कार्यांत आपणांस भाग मिळावा, असा आग्रह त्यांनींच धरिला. रक्कम पोंचविण्यास पौल एकटा गेला नाहीं. कोणास संशय येऊं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं संत जस्टिन ह्यांनीं रविवारच्या उपासनेचें वर्णन लिहून ठेविलें. त्यांतही स्वेच्छेनें दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके ह्यांचा सांभाळ होत असे. सारांश, ही थाळी कालपरवां निघालेली नव्हे.

जी मोठी मिशन-संस्था आज सर्व जगांत पसरली आहे, तिचा उगमही श्रीमंतांच्या वाड्यांत झाला नाहीं. फ्रान्सांतील लिओं शहरीं पोलीन जारिको नांवाची एक तरुणी होती. तिनें रेशमाच्या कारखान्यांतील कामकरणींकडून दर आठवड्यास एक ‘सू’, म्हणजे फ्रँकचा विसावा भाग, गोळा करण्यास आरंभ केला. दहा जणांमागें एक गोळा करणारा, अशा दहा गटांवर दुसरा, आणि अशा दहा शतकांवर तिसरा, अशी तिची साधी योजना होती. ३ मे १८२२ रोजीं ‘धर्मप्रसार संस्था’ रीतसर स्थापन झाली. कोणा एका मिशनास नव्हे, तर सर्व मिशनांस साहाय्य करावयाचें, असें ठरलें. पहिल्या निधीचा वांटा आशियांतील मिशनांबरोबर अमेरिकेंतील लुइझियाना व केंटकी ह्यांनाही मिळाला. ज्या अमेरिकेनें तेव्हां हात पसरला, तीच पुढें मिशनांची मोठी आश्रयदाती झाली! खुद्द पोलीन १८६२ सालीं दारिद्र्यांत वारली; २२ मे २०२२ रोजीं तिला ‘धन्यवादित’ म्हणून घोषित करण्यांत आलें.

आमचा मुलूखही असा घेणाराच होता. फादर मेर्मिए ह्यांनीं १८३८ सालीं स्थापिलेल्या संत फ्रान्सिस दे सेल्स ह्यांच्या मिशनरी संघाकडे १८४५ त विशाखापट्टणचें मिशन सोंपविण्यांत आलें. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला. त्याच संघाचे फादर गुरियन जाकिये घोगरगांवीं येऊन मराठवाड्याच्या खेड्यांतील गोरगरिबांत राहिले. पुढें १९५५ त अमरावतीचा व १९७७ त आपला औरंगाबादचा धर्मप्रांत निर्माण झाला. दूरच्या अनोळखी माणसांनीं प्रार्थना केली, पैसा दिला आणि आपले पुत्र दिले. त्यांच्या त्या त्यागाचें फळ आपण आज भोगीत आहों.

परंतु देणारे सर्व परदेशीच होते, असें मात्र कोणी समजूं नये. गोव्याचे संत जोसेफ वाझ (१६५१–१७११) हे १६८७ सालीं मजुराच्या वेषानें सिलोनांत शिरले. डच सत्तेच्या छळामुळें तेथील कॅथोलिकांस धर्मगुरूच उरला नव्हता. १६९७ त कांडी येथें देवीची सांथ आली, तेव्हां त्यांनीं धर्म न विचारतां रोग्यांची शुश्रूषा केली. त्यांच्यामागून गोव्याचे देशी धर्मगुरू शंभराहून अधिक वर्षें तेथें जात राहिले. परसत्तेखालीं असलेल्या गोव्यानें दुसऱ्या देशाची ख्रिस्तसभा वांचविली, ही गोष्ट आपण अभिमानानें स्मरावी.

दान घेण्याचीही एक रीत असते. अहमदनगर येथें (आतांचें अहिल्यानगर) येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर ह्यांनीं दुष्काळी गांवांसाठीं पाणलोट विकासाचें काम उभें केलें. १९८९ सालीं त्यांच्या पुढाकारानें भारत-जर्मन कार्यक्रमाची आंखणी झाली. पैसा जर्मनीचा असला, तरी ग्रामस्थांचें श्रमदान अवश्य होतें. ज्यानें स्वतःच्या बांधावर घाम गाळिला, तो भिक्षेकरी राहिला नाहीं. २०२१ सालीं फादर बाखर निवर्तले. त्यांचा हा धडा आपणांजवळ राहिला आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें आमचें कर्तव्य आहे. अन्न व औषध ह्यांच्या बदल्यांत कोणाचा विश्वास विकत घेऊं नये. तसा आरोप येण्यासही जागा ठेवूं नये. भुकेल्या शेजाऱ्यास द्यावें तें तो भुकेला आहे म्हणून द्यावें. तसेंच जमलेल्या पैशाचा हिशेब, पौलाप्रमाणेंच, सर्वांसमक्ष असावा.

मिशन-रविवारची प्रथा १९२६ सालीं सुरू झाली. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारीं जमलेला निधि रोमच्या सामाईक भांडारांत जातो व तेथून गरजू धर्मप्रांतांस वांटला जातो. वसमतचा रुपया आफ्रिकेंतील एखाद्या देवळाची वीट होऊं शकतो. मग ह्या ज्युबिली वर्षांत दहा-दहा घरांचे गट करून दर आठवड्यास एक रुपया किंवा मूठभर धान्य बाजूस काढण्यास काय हरकत आहे? अर्धा वांटा मिशनासाठीं, अर्धा गांवांतील आजारी व निराधार ह्यांसाठीं.

आपल्याकडील शेतकरी कितीही अडला, तरी हळदीचें सगळें पीक शिजवून विकीत नाहीं. पुढच्या लागवडीचें बेणें राखून ठेवितो. बेणें म्हणजे उरलेला माल नव्हे. तें आधींच वेगळें काढावें लागतें. दानाचेंही तसेंच आहे. उरेल तेव्हां देऊं म्हणणाऱ्याजवळ कधींच उरत नाहीं. कोणाच्या तरी राखलेल्या बेण्यावर आपण उगवलों. आतां पुढच्यांचें बेणें राखण्याची पाळी आपली आहे. ती पार पाडण्याची सद्बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.