फ्लिंटची ४५,००० कार्डे

वाचकहो, जुनी वाटणीपत्रे आणि सनदा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. पण रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून घरात आलेला पाण्याचा पाइप कोणत्या धातूचा, कोणत्या साली घातला, याचा कागद किती घरांत सापडेल? अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराला हा प्रश्न फार महागात पडला.

२५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचवण्यासाठी फ्लिंटने डेट्रॉइटहून येणारे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. पाइपाच्या आतला संरक्षक थर टिकवणारे फॉस्फेट डेट्रॉइटच्या पाण्यात असे. नदीच्या पाण्यात ते घातले गेले नाही. थर सुटला आणि शिशाच्या पाइपांतले शिसे पाण्यात उतरले. रक्तात शिसे वाढलेल्या लहान मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अटीशा यांनी दाखवून दिले.

शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. त्याची निर्धोक अशी मात्रा नाही. आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळून, उकळून पिण्याची चाल आहे. पण विरघळलेले शिसे फडक्यात अडकत नाही, उकळूनही जात नाही. पाइपच काढावा लागतो.

पण कोणत्या घराचा? नगरपालिकेच्या दप्तरात हाताने लिहिलेली सुमारे ४५,००० कार्डे होती. खणून पाहता कित्येक नोंदी चुकीच्या निघाल्या. मग जेकब अबर्नेथी आणि एरिक श्वार्ट्झ या संशोधकांनी बांधकामाचे साल, घराची जागा, जुनी नोंद आणि प्रत्यक्ष खणण्यात आढळलेले, असा सारा पुरावा एकत्र करून प्रत्येक घराची शक्यता गणिताने काढली. २०१७ मध्ये खणलेल्या दर १०० घरांपैकी सुमारे ७० ठिकाणी बदलण्याजोगा पाइप मिळाला. २०१८ मध्ये ही पद्धत बाजूला ठेवून सरसकट खणले, तेव्हा हे प्रमाण १५ वर आले. २०१९ मध्ये न्यायालयीन तडजोडीने पुन्हा गणिताकडे वळावे लागले.

‘माझ्याच दारात का खणत नाही?’ असे विचारणाऱ्या रहिवाशांना मात्र दोष देता येणार नाही. पाणी चांगले आहे, असे त्यांना दीड वर्ष सांगितले गेले होते. तुमचा पाइप तांब्याचा आहे, या शब्दावर त्यांनी का विसंबावे?

पुढे अमेरिकेतील जलपुरवठा संस्थांना ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक नळजोडणीच्या धातूची यादी करणे बंधनकारक झाले. आपल्याकडे २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाविषयी नियम झाले. त्याआधीचे पाइप घरोघर आहेतच. तेव्हा घरच्या दप्तरात एक कागद वाढवा: पाइप कधी घातला, कशाचा, कोणी घातला. पुढच्या पिढीला तो सनदेइतकाच उपयोगी पडेल.