ठिसूळ चकत्यांची उतरंड

अलिबागच्या किनाऱ्यासमोर, ओहोटीच्या वेळी चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कुलाबा किल्ला उभा आहे. सतराव्या शतकातील या किल्ल्याच्या तटाचे मोठाले दगड चुना न वापरता एकावर एक रचलेले दिसतात. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर विभागला जातो, असे मानले जाते. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण त्याला सोसत नाही. अशा ठिसूळ पदार्थाची रचना करताना सांधे किती घट्ट असावेत, हा प्रश्न विसाव्या शतकात वीजनिर्मितीच्या एका साधनातही उभा राहिला. ते साधन म्हणजे घन ऑक्साइड इंधन घट.

त्याची सुरुवात एका दिव्यापासून होते. १८९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत वाल्थर नेर्न्स्ट यांना आढळले, की झिर्कोनियात थोडे यट्रिया मिसळून ते खूप तापवले तर त्यातून वीज वाहते. त्यांनी त्याचा दिवा बनवला. ही वीज वाहून नेतात ते ऑक्सिजनचे आयन. स्फटिकातील रिकाम्या जागांतून ते सरकतात, हे १९४३ साली कार्ल वाग्नर यांनी स्पष्ट केले. त्याआधीच, १९३७ साली, स्वित्झर्लंडमध्ये बाउर आणि प्राइस यांनी या मिश्रणाचा इंधन घट चालवून दाखवला होता. तापमान होते सुमारे १००० अंश सेल्सिअस. भिंतीच्या एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस हायड्रोजनसारखे इंधन. ऑक्सिजनचे आयन भिंतीतून इंधनाकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात. म्हणजे ज्योत न पेटवताच इंधनापासून वीज मिळते.

मग हे घट घरोघरी का पोचले नाहीत? एका घटापासून जेमतेम एक व्होल्ट मिळतो. म्हणून अशा अनेक चकत्या, मध्ये धातूचे पत्रे घालून, मडक्यांच्या उतरंडीसारख्या रचाव्या लागतात आणि वरून दाबून धराव्या लागतात. नुकसान नेमके इथे होते. भट्टीतून निघालेली चकती थोडी तरी वाकलेली असते. दाबून सपाट केली की तिच्या एका पृष्ठावर ताण येतो आणि एखादी सूक्ष्म चीर वाढू लागते. काचेचे बळ तिच्यातील चिरांवर ठरते, हे ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दाखवले होते. बळाच्या या अनिश्चिततेचे गणित स्वीडनच्या वायबुल यांनी १९३९ साली मांडले.

साधा हिशोब करून पाहू. जुळणीत चकती टिकण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर ५० चकत्यांच्या १०० उतरंडींपैकी सुमारे ६० च पूर्ण शाबूत राहतील. ही शक्यता ९९.९ टक्के केली, तर ९५ राहतील. एका चकतीला तडा गेला, तरी हवा आणि इंधन मिसळून तेथेच जळू लागते, आणि घट एकसरीत जोडलेले असल्याने सगळ्या उतरंडीला फटका बसतो.

दुसरी अडचण प्रसरणाची. दर अंशाला झिर्कोनिया दशलक्षात सुमारे १०.५ भाग वाढते, तर पोलाद सुमारे १२ भाग. १० सेंटिमीटर लांबी ८०० अंशांनी तापवली तर दोघांत ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो. सांधा अगदी ताठ असेल, तर हा फरक ठिसूळ चकतीलाच सोसावा लागतो.

यावर तीन प्रकारची उत्तरे निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने चकती सोडून एका टोकाला बंद असलेली नळी घेतली. ती मोकळेपणी प्रसरण पावते. मात्र विजेला लांबून फिरून जावे लागते. पुढे चकतीत निकेल आणि झिर्कोनियाच्या जाड थरावर झिर्कोनियाचा काही मायक्रॉनचा थर बसवण्यात आला. थंड होताना जाड थर जास्त आकसतो, त्यामुळे पातळ थर दाबाखाली राहतो, आणि दाब तर त्याला मानवतो! पण निकेलला चुकून हवा लागली की ते फुगते आणि थर चिरतो. तिसरे उत्तर म्हणजे भार पोलादावरच टाकणे. भोके पाडलेल्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडाचे थर बसवायचे आणि जोडणी पत्र्याच्या कडेला करायची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून २००१ साली निघालेल्या सिरिस कंपनीचे घट या प्रकारचे आहेत.

महाराष्ट्राचाही या क्षेत्राशी संबंध आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा घटांवर संशोधन झाले. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीने २०२४ साली सिरिसशी करार केला. तो हेच घट उलटे चालवून, म्हणजे वीज देऊन, वाफेपासून हायड्रोजन मिळवण्यासाठी आहे.

या इतिहासात नव्या पदार्थाच्या शोधाइतकेच महत्त्व भार कोणी उचलायचा या प्रश्नाला आहे. नेर्न्स्ट यांचे मिश्रण थोड्या फरकाने आजही वापरात आहे. बदलत गेली ती त्याभोवतीची रचना.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन पेन्सिलींवर एक खडू आडवा ठेवावा, मध्यभागी दोऱ्याने छोटी पिशवी टांगावी आणि खडू मोडेपर्यंत तीत वाळू भरत जावी. एकाच खोक्यातील २० खडूंची वजने फळ्यावर लिहावीत. आकडे किती विखुरलेले आहेत ते पाहून मुलांना विचारावे: असे ५० खडू वापरून काही रचायचे असेल, तर सरासरी वजन धरून चालेल की सर्वांत कमी?